इस्त्री, हीटर आणि ओहमचा नियम : व्होल्टेज व विद्युतधारेवरून रोध आणि शक्ती काढण्याची रीत

भारतातून अमेरिकेत येणाऱ्या सामानात पुष्कळदा एखादी इस्त्री असते. अडॅप्टर लावला की तिचा प्लग भिंतीत बसतो. मात्र अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. परिणामी ती इस्त्री जेमतेम कोमट होते. याउलट अमेरिकेत घेतलेली इस्त्री पुण्यात नेऊन लावली, तर तिची कॉइल किंवा थर्मल फ्यूज बहुधा लगेच निकामी होतो. या दोन्ही घटनांचे स्पष्टीकरण शालेय पदार्थविज्ञानातील दोन सूत्रांत आहे.

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना वाहकातून जाणारी विद्युतधारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या, म्हणजेच व्होल्टेजच्या, सम प्रमाणात असते, हा त्याचा आशय. यावरून :

रोध (ओहम) = व्होल्टेज (व्होल्ट) ÷ विद्युतधारा (अँपिअर)
शक्ती (वॅट) = व्होल्टेज × विद्युतधारा

या दोहोंच्या संयोगातून आणखी दोन उपयुक्त रूपे मिळतात : शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध, आणि शक्ती = विद्युतधारेचा वर्ग × रोध. सगळे मर्म त्या ‘वर्ग’ शब्दात आहे.

भारतीय इस्त्रीवर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे छापलेले असते असे धरू. विद्युतधारा १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर; रोध २३० ÷ ४.३५ = सुमारे ५२.९ ओहम. उपकरण आपल्यासोबत देशोदेशी नेते ते हा रोध. छापलेले वॅट केवळ छापलेल्या व्होल्टेजलाच खरे असतात. अमेरिकेतील १२० व्होल्टवर हीच इस्त्री २.२७ अँपिअर घेते आणि शक्ती उरते २७२ वॅट. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आले, उष्णता मात्र जवळजवळ पाव झाली. आता उलट प्रवास पाहू. १२० व्होल्ट, १२०० वॅटच्या अमेरिकन इस्त्रीचा रोध १२ ओहम. तिला २३० व्होल्ट दिल्यास १९ अँपिअरहून अधिक धारा वाहील आणि शक्ती ४४०० वॅटच्या वर जाईल. ज्या तारेची घडण १२०० वॅटसाठी झाली, ती याच्या साडेतीनपटींहून अधिक उष्णता सोसणार कशी? लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असते. तसे असल्यास त्यांना हा धोका नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र हे गणित जपून वापरावे. फिरणारी मोटार स्वतःच विरोधी व्होल्टेज निर्माण करते. म्हणून मिक्सरच्या वेटोळ्यांचा रोध मल्टिमीटरने मोजून त्यावरून शक्ती काढली, तर उत्तर हास्यास्पद येते. तेथे छापील वॅटच आधाराला घ्यावेत. ७५० वॅटचा भारतीय मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा, तर १२० व्होल्टच्या बाजूने किमान ६.२५ अँपिअर लागतील. सुरू होताना किंवा वाटण घट्ट झाल्यावर मोटार याहून पुष्कळ जास्त ओढते, म्हणून व्यवहारात दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेतात. शिवाय ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही : इंडक्शन मोटारीचा भारतीय वेट ग्राइंडर ६० हर्ट्झवर सुमारे एक पंचमांश अधिक वेगाने फिरतो.

विजेच्या जुन्या, तारेच्या दिव्यातही अशीच एक गफलत होते. १२० व्होल्ट, ६० वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध २४० ओहम येतो. तोच दिवा विझवून, थंड करून मोजला तर रोध एक दशांश किंवा त्याहूनही कमी भरतो. टंगस्टनचा रोध तापमानासोबत झपाट्याने वाढतो. इस्त्रीच्या नायक्रोमचा फारसा वाढत नाही, म्हणून वरचे गणित तिला लागू पडले.

आता हिवाळ्यातील हीटरकडे वळू. १२० व्होल्ट, १५०० वॅटच्या हीटरचा रोध ९.६ ओहम. त्याला १६ गेजची ५० फुटी एक्स्टेन्शन कॉर्ड लावली, तर जाऊन-येऊन शंभर फूट तांब्याचा रोध सुमारे ०.४ ओहम होतो. एकूण रोध १० ओहम, धारा १२ अँपिअर. कॉर्डमध्ये १२ × १२ × ०.४ = ५७.६ वॅट उष्णता निर्माण होते. कॉर्ड मोकळी पसरलेली असेल तर ती हवेत विरते. गुंडाळी करून गालिच्याखाली ठेवली असेल तर साचत जाते. त्याहून वाईट म्हणजे सैल झालेला प्लग. पितळी पात्यांच्या ढिल्या स्पर्शात ०.२ ओहम रोध असला, तरी नखाएवढ्या जागेत सुमारे २९ वॅट, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता.

येथे १५ अँपिअरचा साधा ब्रेकर मदतीला येत नाही, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. तो विद्युतधारा पाहतो आणि वाढलेल्या रोधाने धारा उलट किंचित घटलेली असते. प्लग वितळू लागला तरी ब्रेकरच्या लेखी सारे आलबेल! अमेरिकी विद्युतसंहितेनुसार तीन तास किंवा अधिक सलग चालणारा भार सर्किटच्या ८० टक्क्यांपर्यंत धरतात : १५ अँपिअरवर १२ अँपिअर, म्हणजे १४४० वॅट. एकटा हीटर १२.५ अँपिअर मागून ही मर्यादा ओलांडतो. म्हणूनच तो थेट भिंतीतील सॉकेटला लावावा, त्याच सर्किटवर दुसरे मोठे उपकरण चालवू नये, आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. तो चांगलाच गरम लागला तर हीटर बंद करून सॉकेट तपासून घ्यावे.

स्वतः मोजमाप करताना व्होल्टमीटर समांतर आणि अँपमीटर एकसरीत जोडतात. अँपमीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असल्याने तो सॉकेटच्या दोन छिद्रांत थेट घालणे म्हणजे शॉर्टसर्किट करणे होय. रोध मोजताना उपकरणाचा प्लग काढलेला असावा. घरगुती उपयोगासाठी सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा वॅटमीटर पुरेसा आहे. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट हे तिन्ही आकडे तो कोणतीही तार न उघडता दाखवतो.