‘सिन्स’, ‘व्हाइल’ आणि ‘बट’ची कुळकथा

इंग्रजीतल्या ‘सिन्स’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘सिथ्थान’मध्ये आहे. त्याचा अर्थ एवढाच : ‘त्यानंतर’. मध्ययुगात त्याचा ‘सिथेन्स’ झाला, पुढे झिजून ‘सिन्स’ उरला आणि वाटेत ‘कारण’ हा दुसरा अर्थ त्याला चिकटला. एक गोष्ट दुसरीनंतर घडली असे सांगितले, की ऐकणारा ती दुसरीमुळेच घडली असे धरून चालतो. भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ ट्रॉगट यांनी दाखवल्याप्रमाणे असा तर्क वापरून वापरून शब्दाचा अर्थच होऊन बसतो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘आभाळ भरून आलंय, तेव्हा छत्री घे’ यातला ‘तेव्हा’ वेळ सांगत नाही.

जुना अर्थ मात्र गेला नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. ‘सिन्स शी लेफ्ट, ही हॅज बीन अनहॅपी’ : ती गेल्यापासून तो दुःखी, की ती गेली म्हणून? ‘हॅज बीन’ हे क्रियापद काळाकडे झुकते, पण निर्वाळा देत नाही. ‘सिन्स यू आर हिअर’मध्ये शंकेला जागा नाही. अजून चालू असलेल्या स्थितीच्या ‘नंतर’ काही घडू शकत नाही, म्हणून तिथे अर्थ ‘ज्याअर्थी’. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेने शास्त्रीय लेखनात ‘सिन्स’ काळापुरताच ठेवण्याचा सल्ला दिला आहे. सल्ला सोयीचा आहे. पण त्यावरून कारणाचा अर्थ चुकीचा ठरत नाही, तो कित्येक शतके जुना आहे.

‘व्हाइल’ मुळात नाम, अर्थ ‘काही वेळ’. ‘फॉर अ व्हाइल’मध्ये ते आजही नामच आहे. दोन गोष्टी एकाच वेळी शेजारी मांडल्या की त्यांतला फरक डोळ्यांत भरतो, त्यातून ‘याउलट’ हा अर्थ निघाला. यॉर्कशरच्या बोलीत तर ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच.

‘बट’ काळातून नव्हे, जागेतून आला. जुना ‘बूटान’ म्हणजे ‘बाहेर’. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात : बाहेरची खोली आणि आतली. ‘बाहेर’वरून ‘वगळून’ आणि त्यावरून ‘पण’. मधली पायरी ‘ऑल बट वन’मध्ये, म्हणजे ‘एक सोडून सगळे’मध्ये, शाबूत आहे. ‘ऑल बट डेड’ म्हणजे मेल्यातच जमा, तेही त्याच हिशेबाने. ‘ही इज बट अ चाइल्ड’मध्ये पूर्वी नकारही असे : तो पोराखेरीज कोणी नाही. नकार गळला आणि ‘बट’ एकटाच ‘फक्त’ झाला.