श्वास आणि लघवीचा ताबा

आमच्या गटातल्या एका काकूंना लकवा झाला. हात-पाय हळूहळू वळायला लागले, तरी त्या बैठकीला येईनात. कारण सुनेनं सांगितलं, लघवी थांबत नाही. म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं होतं!

हे दुखणं बायकांनी कायम पदराआड ठेवलं. त्यावर व्यायाम शिकवणाऱ्यांत इंग्लंडच्या मार्गारेट मॉरिस होत्या. मूळच्या नर्तकी, नंतर फिजिओथेरपी शिकल्या. १९३६ साली मिनी रँडेल यांच्यासोबत त्यांनी बाळंतपणाच्या व्यायामांचं पुस्तक काढलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेचे डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामावर लेख लिहिला. आज जगभर नाव चालतं ते केगेल यांचंच. बाईचं नाव मागे पडलं, आपल्याला त्याचं नवल नाही.

आता श्वासाचं. श्वास घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही किंचित खाली जातात. सोडला की दोन्ही वर. लकव्यात श्वासाचे स्नायू अशक्त होऊ शकतात, आणि मूत्राशयावरचा मेंदूचा लगामही सैल पडतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट श्वास सोडता सोडता खालचे स्नायू आवळायला शिकवतात. पण आधी डॉक्टरांना दाखवायचं, कारण लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा ती तुंबत असेल, तर उपाय वेगळा. आणि पाणी तोडायचं नाही. लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

काकू आता दर दोन तासांनी ठरवून जाऊन येतात. मागच्या बैठकीला आल्या, दाराजवळ बसल्या.