पाच डॉलरचं गाव आणि फैजपूरचं गाव

जळगाव जिल्ह्याबाहेरच्या माणसाला फैजपूर कुठे आहे हे सांगायचं तर आधी भुसावळ सांगावं लागतं, मग सावदा, मग केळी. शाळेच्या इतिहासात या गावाच्या वाट्याला एकच ओळ आली होती: १९३६, काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन. रिकाम्या जागेत भरा, एक मार्क घ्या, विसरून जा. या विकांताला मात्र त्या ओळीतल्या 'ग्रामीण' या शब्दाबद्दल लिहायचंय, आणि तेही अमेरिकेतून वळसा घालून. जरा सांभाळून घ्या.

ऑनसाइटला असताना एका म्युझियममध्ये १९३० च्या दशकातल्या लिथोग्राफचं प्रदर्शन पाहिलं. लिथोग्राफ म्हणजे आपल्याकडे ज्याला शिळाछाप म्हणायचे ते, दगडावर चित्र काढून त्याचे छाप घ्यायचे. आयोवाचा ग्रँट वुड, मिसुरीचा थॉमस हार्ट बेंटन, कॅन्ससचा जॉन स्टुअर्ट करी. आपापल्या मुलुखाची चित्रं काढणारे म्हणून यांना 'रीजनॅलिस्ट' म्हणतात. शेतं, कोठारं, घोडे, सुगी. बघताना सारखं वाटत होतं, अरे हे तर आपल्याकडचंच आहे!

त्यात बेंटनचं १९३४ चं एक चित्र होतं. एक शेतकरी खेचराच्या मागे नांगर धरून चाललाय, बस्स. पण नाव 'प्लाउइंग इट अंडर'. म्हणजे तो उभं पीक मातीत गाडतोय. मंदीत कापसाचा भाव कोसळला, तेव्हा १९३३ मध्ये अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे १ कोटी एकरांतला कापूस असा नांगरायला लावला होता. कापूस पट्ट्यातल्या माणसाला हे वाचून कसंसंच होतं.

आता यातली गंमत बघा. १९३४ पासून 'असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स' नावाची संस्था असे छाप पाच डॉलरला एक या दराने विकायची. एका चित्राचे साधारण २५० छाप, खाली चित्रकाराची सही, टपालाने घरपोच. चित्र फक्त श्रीमंतांचं राहिलं नाही, ही मोठीच गोष्ट होती. पण घेणारा बहुतेक शहरातला मध्यमवर्गीय. म्हणजे गाव चित्रात आणि बघणारा दिवाणखान्यात. शिवाय वुडची शेतं इतकी नीटनेटकी, की त्याच दशकात धुळीची वादळं लाखो लोकांना देशोधडीला लावत होती याचा पत्ताही लागत नाही.

आता खानदेशात येऊ. मंदीने इथलाही कापूस मारला होता. राजकारण तापलेलं होतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपल्याला ठाऊक असतंच. चार वर्षांनी हेच गुरुजी फैजपूर अधिवेशनासाठी खानदेशातली गावं पालथी घालत होते. धनाजी नाना चौधरींसारखे स्थानिक कार्यकर्ते आधीपासून राबत होतेच.

अधिवेशन खेड्यात घ्यायचं आणि खेड्यातल्याच सामानातून उभारायचं, हा गांधीजींचा हट्ट. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं १९३० चं ते लिनोकट, काळ्यावर पांढऱ्या रेषांचं, तुम्ही नक्की पाहिलंय, ते यांचंच. नंदलाल आणि वास्तुविशारद म्हात्रे यांनी बांबू आणि गवताच्या साध्या सामानातून 'टिळकनगर' उभं केलं. शेजारी खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन. बघायला आलेली गर्दी आसपासच्या खेड्यांतली. म्हणजे ज्यांचं गाव, तेच प्रेक्षक.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच वेळी मनमाडहून सुमारे ५०० शेतकरी वाटेतल्या गावांशी बोलत, २०० मैलांहून जास्त पायी चालत फैजपूरला पोचले. किसान सभेचं अधिवेशनही तिथेच भरलं. आणि नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला: खंड आणि शेतसारा कमी करा, कर्जातून सोडवा, कुळांना संरक्षण द्या, वेठबिगार बंद करा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आलं आणि १९३९ मध्ये कूळ कायदा आणि कर्जनिवारण कायदा झाला. दोन्ही अपुरे होते, अंमलबजावणी रखडली, हे खरंच. पण ज्या मैदानावर गावाचं सौंदर्य मांडलं, तिथेच गावाच्या कर्जाचा हिशोबही मांडला होता, हे विसरून चालणार नाही.

वर्षभराहून थोड्याच जास्त काळाने, फेब्रुवारी १९३८ मध्ये, आपल्याच तापीच्या काठी पण खाली गुजरातेत, हरिपुराला पुढचं अधिवेशन झालं. तिथे नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रं लावली. सुतार, चांभार, ढोलवाला, कांडण करणारी बाई. जाड, झपाझप ओढलेल्या रेषा, मातीचे रंग. येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसावीत म्हणून दारांवर, कमानींवर टांगलेली.

यातली बरीच आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये काही व्हेनिसलाही जाऊन आली. शेवटी हीसुद्धा शहरात गेली म्हणायची. टिळकनगर तर बांबूचंच होतं, ते टिकणार किती दिवस?

आपण खानदेशी पोरं पुण्या-बंगलोरला फ्लॅट घेतो आणि भिंतीवर बैलगाडीचं पोस्टर लावतो. त्यात वाईट काही नाही, लावावंच. फक्त त्या गाडीत भरलेल्या कापसाला या हंगामात काय भाव मिळाला, हे घरी फोन केल्यावर एकदा विचारावं. फैजपूरला चित्रं आणि ठराव शेजारी शेजारी होते. आपल्याकडे चित्र आलं, ठराव कुठे राहिला?