लीड्सची ध्वनिमुद्रिका

‘द हू’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा जलसा १४ फेब्रुवारी १९७० रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत झाला. दुसऱ्या दिवशीं हल येथेंही ध्वनिमुद्रण झालें. परंतु तेथें आरंभीच्या कांहीं गीतांत एन्ट्विसलचें बास गिटार उमटलेंच नाहीं, म्हणून मान लीड्सला मिळाला. त्याच वर्षीं निघालेल्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या ध्वनिमुद्रिकेचें वेष्टन मुद्दाम चोरट्या तबकड्यांसारखें, साधें तपकिरी होतें. आंतील खरखर दुरुस्त करूं नये, अशी सूचनाही तबकडीवरील कागदावर होती! हें सोंग आम्हांस आवडतें. परंतु अस्सलपणाच्या एवढ्या थाटांत गीतें अवघीं ६, आणि त्यांतलीं ३ दुसऱ्यांचीं. जलशाचा गाभा असलेली ‘टॉमी’ ही दीर्घ गीतकथा वगळलेली. तिचे तुकडे ‘माय जनरेशन’मध्यें डोकावतात तेवढेच. १९९५ च्या आवृत्तींत गीतें १४ झालीं. २००१ सालीं ‘टॉमी’ही आली, पण मधल्या जागेवरून काढून निराळ्या तबकडीवर, जुन्या बखरीचीं गहाळ पानें सांपडावीं आणि तीं शेवटीं बांधावीं, तसा हा प्रकार.

तथापि आमचें मत पहिल्या आखूड प्रतीकडेच झुकतें. ‘यंग मॅन ब्लूज’मध्यें वाद्यें एकाएकीं थांबतात, डॅल्ट्री एकटा ओळ म्हणतो, आणि लगेच टाउनशेंडची गिटार, एन्ट्विसलचें बास व मूनचे ड्रम त्याच्यावर तुटून पडतात. तबकडीचा आरंभच असा झाल्यावर श्रोत्याला उसंत कुठली? विस्तृत प्रतींत याच गीतापूर्वीं आणखी ४ गीतें येतात. इतिहास म्हणून तो क्रम अधिक खरा. ऐकावयास मात्र आम्ही जुनी तबकडीच काढतों.