आडनावाच्या मुळाचा शोध : भोसले कुलाची कथा

बंगळूरमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न लहानपणापासूनच ऐकावा लागतो. आडनाव हे त्याचे पहिले उत्तर असते. परंतु आडनावाचे मूळ दिसते तितके सरळ नसते. भोसले कुलाचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण आहे.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि हा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरला राज्य स्थापले. त्याच वंशातील सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तमिळ देशातील देवालयावर मराठी वंशचरित्र कोरले जावे, यातच स्थलांतरित घराण्याची आपले मूळ जपण्याची ओढ दिसते.

या कुलाचे मूळ कोठले? परंपरा मेवाडच्या सिसोदिया राजवंशाकडे बोट दाखविते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हेच क्षत्रियकुल मान्य करण्यात आले. मात्र शिवछत्रपतींचे पणजोबा बाबाजी यांच्यामागे गेल्यावर कागदोपत्री पुरावा विरळ होत जातो. ज्येष्ठ संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी निराळी वाट धरली. शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. या दैवताचा मागोवा घेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, 'भोसले' हे नाव 'होयसळ' या नावातून आले असून या कुलाचा पूर्वज तेराव्या शतकात गदग परिसरातून साताऱ्याकडे गेला. हे मत सर्वमान्य नाही. तरी वंशावळीत न सापडणारी वाट कुलदैवत दाखवू शकते, हा त्यातील धडा मोलाचा आहे.

वंशावळ वाचताना ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली हे पाहावे लागते. राजसभेला प्रतिष्ठित पूर्वज हवा असतो, तर जमिनीच्या कागदाला वारस हवा असतो. म्हणून मोडी दस्तऐवज, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कुलाचार, गावांची नावे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

१६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन कर्नाटकातील होदिगेरे येथे झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. ढेरे यांचे मत ग्राह्य धरले, तर परक्या मुलुखात गेलेला हा पुरुष वस्तुतः पूर्वजांच्याच भूमीत विसावला, असे म्हणावे लागते. मग आपला कोण आणि उपरा कोण?

राजाजीनगरातील मराठी विद्यार्थ्याने हा प्रश्न मनात ठेवून घरातील जुनी ट्रंक उघडावी, आजी-आजोबांशेजारी बसून कुलदैवताचे व मूळ गावाचे नाव विचारावे आणि उत्तर तारखेसह वहीत उतरवून ठेवावे. मोडी जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आज न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उद्या कदाचित कोणाजवळही नसेल.