सायलेंट ग्रँड पियानो घेताय? आधी पियानो तपासा, मग ‘सायलेंट’चं बटण

२८ ऑगस्ट १९७४. जपानमधल्या हिरात्सुका शहरातल्या एका गृहसंकुलात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने खालच्या घरातल्या आईचा आणि तिच्या दोन मुलींचा खून केला. कारण काय, तर त्या घरातून येणारा पियानोचा आवाज. या घटनेने जपान हादरला आणि शेजाऱ्यांना होणारा आवाजाचा त्रास हा तिथे गंभीर चर्चेचा विषय झाला.

पुढे १९९३ मध्ये जपानच्याच यामाहा कंपनीने ‘सायलेंट पियानो’ बाजारात आणला. दिवसा नेहमीसारखा वाजणारा आणि रात्री फक्त हेडफोनमध्ये ऐकू येणारा खराखुरा पियानो. आज ही सोय ग्रँड पियानोतही मिळते. फ्लॅटमध्ये राहून रियाज करणाऱ्यांना ती मोहात पाडते. पण किंमत लाखांत असल्यामुळे घेण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

हे काम कसं करतं?

पियानोची पट्टी दाबली की आतली फेल्टची हातोडी तारेवर आदळते आणि आवाज येतो. सायलेंट मोड चालू केला की हातोड्यांच्या वाटेत एक आडवी पट्टी येते. हातोडी तारेला लागण्याच्या जरा आधीच अडते. त्याच वेळी सेन्सर तुम्ही कोणती पट्टी किती जोरात दाबली हे मोजतात आणि तसा आवाज हेडफोनमध्ये पाठवतात. हा आवाज आधी रेकॉर्ड केलेल्या एखाद्या मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडचा असतो.

म्हणजे एकाच खोक्यात दोन वाद्यं आहेत. एक लाकूड, तारा आणि फेल्टचं, दुसरं इलेक्ट्रॉनिक. नीट निगा राखली तर पहिलं पन्नास वर्षंही टिकतं. दुसरं पंधरा-वीस वर्षांत जुनं होतं. म्हणून निवड पहिल्यावरून करायची.

ग्रँडच कशाला?

ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. फ्रान्सच्या सेबास्तियाँ एरारने शोधलेल्या आणि १८२१ मध्ये पेटंट झालेल्या यंत्रणेची ही करामत. साध्या उभ्या पियानोत ही सोय नसते. वरच्या ग्रेडच्या परीक्षांची किंवा मंचावर वाजवण्याची तयारी करणाऱ्याला हा फरक बोटांना जाणवतो. नुकतीच सुरुवात केलेल्या मुलासाठी मात्र एवढा खर्च करायची गरज नाही.

कळीचा मुद्दा: टच बदलतो का?

चांगल्या ग्रँडमध्ये हातोडी तारेपासून साधारण दीड-दोन मिलिमीटरवर आली की पट्टीच्या धक्क्यातून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने कापते. अगदी हळू, नाजूक वाजवण्याची ताकद इथेच असते. सायलेंटची आडवी पट्टी बसवायची तर हातोडी अडायला जागा लागते. त्यासाठी काही पियानोंत हातोडी आधीच, म्हणजे तारेपासून जास्त अंतरावर सुटेल अशी रचना करतात. मग सायलेंट बंद असतानाही हळू वाजवणं अवघड जातं.

यामाहाच्या सायलेंट ग्रँडमध्ये हे सुटण्याचं अंतर फक्त सायलेंट मोडमध्येच बदलतं. इतर कंपन्यांच्या बाबतीत दुकानात हाच प्रश्न थेट विचारा. जुन्या ग्रँडला बाहेरून किट बसवून घेणार असाल तर जास्तच सावध राहा. सगळं तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून असतं आणि मूळ वॉरंटी जाऊ शकते.

दुकानात काय तपासाल?

१. आधी सायलेंट बंद ठेवून वाजवा. शक्य असेल तर त्याच मॉडेलचा साधा ग्रँड शेजारी वाजवून बघा.

२. अगदी हळू वाजवा. काही स्वर गायब होतात का?

३. एकच स्वर भरभर वाजवा. एखादा अडकतो का?

४. आता सायलेंट चालू करून खूप जोरात वाजवा. हेडफोन काढून ऐका. तारांचा आवाज आला तर हातोड्यांचं सेटिंग बिघडलेलं आहे.

५. उजवं पेडल अर्धंच दाबा. हेडफोनमधला आवाजही अर्धवट थांबतो की फक्त चालू-बंद होतो?

‘सायलेंट’ म्हणजे पूर्ण शांत नव्हे

हेडफोन लावल्यावरही पट्ट्या आणि पेडलचा ठकठक आवाज होतोच. तो खोलीत फारसा जाणवत नाही, पण लाकडाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात ऐकू जाऊ शकतो. पायांखाली रबरी कप आणि जाड गालिचा टाकल्याने फरक पडतो. भारतातल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पहिल्या रात्री खालच्या शेजाऱ्यांनाच विचारून घ्या.

जागा, वजन आणि पावसाळा

यामाहाचा छोटा जीबी१के १५१ सेंटीमीटर लांब आणि २६१ किलो वजनाचा आहे. सी३एक्स १८६ सेंटीमीटर आणि ३२० किलोचा. लांबी वाढली की खर्जाच्या तारा लांब होतात आणि आवाज भरदार होतो. जिना, लिफ्ट आणि दरवाजा आधीच मोजा.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यातली दमट हवा हा मोठा शत्रू. फेल्ट आणि लाकूड फुगतं, पट्ट्या जड होतात आणि हातोडी व आडव्या पट्टीमधलं अंतरही बदलतं. खोलीतली आर्द्रता शक्यतो ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. आणि हो, वर्षभर फक्त हेडफोनवर वाजवलात तरी तारा सैल होतच राहतात. वर्षातून दोनदा ट्यूनिंगचा खर्च धरून चाला. तुमच्या शहरात ते करणारा, आणि सायलेंट यंत्रणा समजणारा तंत्रज्ञ आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

मग घ्यायचा की नाही?

बहुतेक वेळ हेडफोनवरच वाजवणार असाल तर हायब्रिड पियानो बघा. यामाहाच्या अवांतग्रँड किंवा कावाईच्या नोवस मालिकेतल्या काही मॉडेलमध्ये ग्रँडसारखी यंत्रणा असते पण तारा नसतात. ट्यूनिंगची कटकट नाही आणि जागाही कमी लागते.

दिवसा दोन-तीन तास मोकळेपणाने वाजवता येत असेल आणि रात्रीचा रियाजही चुकवायचा नसेल, तरच सायलेंट ग्रँडचे जास्तीचे पैसे वसूल होतात. आणि शेवटची कसोटी सोपी आहे. सायलेंटचं बटण उद्या बंद पडलं तरी हा पियानो तुम्हाला हवासा वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल तरच घ्या.