बातमीतली ‘टोळी’ आली कुठून?

आज आम्ही एका शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. टीव्हीवर चोरीची बातमी लागली की खालच्या पट्टीवर कधी कधी दिसतं, ‘पारधी टोळी जेरबंद’. दुसऱ्या कुणी चोरी केली तर त्याचं नाव येतं, गाव येतं. जात येत नाही. मग पारध्याचीच का येते?

याचं मूळ इंग्रजांच्या १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. सरकारनं एखादी जमात किंवा टोळी गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की तिच्यात जन्मलेलं लेकरूही संशयित ठरायचं. पोलिसांकडे नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना. १९११ च्या कायद्यानं हे देशभर पसरलं. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला, पण ‘टोळी’ राहिली. पूर्वी ती ठाण्याच्या वहीत होती, आता घराघरात दिसते. अटकेची बातमी दिवसभर फिरते. तीच माणसं पुढे निर्दोष सुटली, तर ते क्वचितच दाखवतात. ज्यांच्या ओळखीत एकही पारधी घर नाही, त्यांच्या मनात तेवढंच चित्र बसतं.

त्याची किंमत बाया मोजतात. खोली भाड्यानं मिळत नाही. बचत गटात घ्यायचं म्हटलं की कुजबुज होते, “पैशाचा व्यवहार आहे, बाई!”

बातमी चांगलंही करू शकते. तुरुंगात जातीवरून कामं वाटली जातात, हे पत्रकार सुकन्या शांता यांनी उघड केलं आणि त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला कोर्टानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पट्टीवर जात दिसली की घरात दोन प्रश्न विचारू या. चोरीशी जातीचा काय संबंध? आणि गुन्हा सिद्ध झालाय का? गटात नवी बाई आली, तर तिचा हप्ता बघू या, आडनाव नको.